बाळाच्या वाटीत मटण किती?

मावळात आषाढ लागला की दोन गोष्टी बरोबरच येतात. डोंगरांवरून धबधबे कोसळू लागतात आणि घरोघर आखाडाचा रस्सा शिजू लागतो. पुढे श्रावण यायचा असतो ना! श्रावणात पुष्कळ घरांत मांस बंद, म्हणून आषाढातला रविवार सहसा कोणी सोडत नाही.

अशाच एका रविवारी तिकोणा किल्ला उतरून आम्ही पायथ्याच्या तिकोणा पेठेत आलो. बालेकिल्ल्यावरून एरवी पवना धरणाचा जलाशय, पलीकडे तुंग, लोहगड, विसापूर असे सगळे दिसते. त्या दिवशी ढगांखेरीज काही दिसले नव्हते. अंगावरचे कपडे चिंब झालेले. ओळखीच्या एका घरी चहाला थांबलो. चुलीवर पातेले होते. आजींनी झाकण काढले आणि हळद-मिठाच्या पाण्यात शिजलेल्या मटणाचा वास घरभर पसरला. वाटण घालण्यापूर्वी त्यांनी त्यातले वाटीभर पाणी बाजूला काढले. या पाण्याला आपल्याकडे अळणी म्हणतात, हे तुम्हांला ठाऊक असेलच. मांडीवरच्या आठ महिन्यांच्या नातवाला त्या चमच्याने अळणी पाजू लागल्या.

"आत्या, एखादा तुकडा कुस्करून घाला की त्यात," सूनबाई म्हणाल्या.

"त्याला दात कुठं हायेत? पानी पुरं. माजी सगळी पोरं अळनीवरच वाढली," आजींनी निकाल देऊन टाकला.

सूनबाई माझ्याकडे वळल्या. "गुरुजी, तुम्ही शाळेत विज्ञान शिकवता. मग तुम्हीच सांगा, एवढ्याशा लेकराला मटण लागतं तरी किती?"

खरे सांगतो, मला पटकन उत्तर देता आले नाही. घरी येऊन पुस्तके उघडली, तेव्हा कळले की हा प्रश्न दिसतो तेवढा सोपा नाही. आणि त्याचे निम्मे उत्तर आपल्याच पुणे जिल्ह्यातील खेड्यांत शोधले गेले आहे! तुम्हांला काय वाटते? पाव किलो? एक तुकडा? की अजिबात नको? मनाशी काहीतरी ठरवा आणि मगच पुढे वाचा.

प्रथम बाळाचे पोट केवढे असते ते पाहू. लहान मुलाच्या जठरात शरीराच्या दर किलोग्रॅम वजनामागे सुमारे ३० मिलिलिटर अन्न मावते. म्हणजे आठ किलोच्या बाळाच्या पोटात एका वेळी २४० मिलिलिटर, साधारण एक मोठी वाटी. एवढ्याशा वाटीत त्याला काय काय बसवायचे असते! जन्माच्या वेळचे त्याचे वजन एका वर्षात जवळजवळ तिप्पट होते. तुमचे वजन समजा ४० किलो आहे आणि पुढच्या वाढदिवसाला ते १२० झाले, तर? मेंदूची वाढ तर याहून नवलाची. जन्मतः साडेतीनशे-चारशे ग्रॅम असलेला मेंदू पहिल्या वाढदिवसापर्यंत नऊशे ग्रॅमच्या पुढे गेलेला असतो.

मांस म्हटले की आपल्याला लगेच प्रथिने आठवतात. शाळेच्या पुस्तकातला तक्ताच तसा असतो. पण इथे थोडा हिशेब करून पाहा. आठ-नऊ महिन्यांच्या बाळाला दिवसाला १० ते ११ ग्रॅम प्रथिने पुरतात. आईच्या १०० मिलिलिटर दुधात सुमारे १ ग्रॅम प्रथिन असते. बाळ दिवसभरात ६०० मिलिलिटर दूध प्यायले तर ६ ग्रॅम तिथेच मिळाले. उरलेली चार-पाच ग्रॅम अर्धी वाटी घट्ट वरण आणि मऊ भातात मिळून जातात. म्हणजे इंद्रायणीचा भात आणि तुरीचे वरण यांवर प्रथिनांची गरज भागते. (इंद्रायणी हा तांदूळ मावळातलाच बरे का. वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्राने तो १९८७ साली दिला.) तेव्हा बाळाची अडचण प्रथिनांची नाही. ती दोन वेगळ्याच पदार्थांची आहे, आणि ते दोन्ही इतके थोडे लागतात की स्वयंपाकघरातल्या कोणत्याही मापाने मोजता येणार नाहीत.

पहिला पदार्थ लोह. रक्तातले तांबडे हीमोग्लोबिन लोहावाचून बनत नाही, आणि वाढत्या मेंदूलाही लोह लागते. पूर्ण दिवसांचे तीन किलोचे बाळ जन्माला येताना अंगात सुमारे सव्वादोनशे मिलिग्रॅम लोह घेऊन येते. ही त्याला आईने दिलेली शिदोरी. जन्मल्याबरोबर घाईने नाळ न कापता एक ते तीन मिनिटे थांबले, तर नाळेतून आणखी रक्त बाळाकडे जाते आणि शिदोरी थोडी वाढते. सहा महिन्यांच्या सुमारास ती संपत येते. आईच्या दुधात लोह फार थोडे, लिटरमागे अर्ध्या मिलिग्रॅमहूनही कमी असते. त्यातले निम्मे बाळाच्या अंगी लागते, पण मुळात थोडे त्याचे निम्मे ते किती असणार! म्हणूनच सहा महिने पुरे झाले की वरचे अन्न सुरू करावे लागते. उशीर केला तर चालत नाही.

आता पुन्हा हिशेब. सहा महिने ते एक वर्ष या वयात रोज सुमारे ०.७ मिलिग्रॅम लोह बाळाच्या रक्तात पोहोचायला हवे. आईच्या दुधातून त्यातले ०.१ मिळाले असे धरू. राहिले ०.६. शंभर ग्रॅम नाचणीत चार-साडेचार मिलिग्रॅम लोह असते. बाळाने दिवसभरात ३० ग्रॅम नाचणीचे सत्त्व खाल्ले, तर पोटात गेले १.३ मिलिग्रॅम. वा, भागले की! पण थांबा. धान्यातले लोह फायटेट नावाच्या पदार्थाला बिलगलेले असते आणि शंभर भागांतले पाचेक भागच आतड्यातून शोषले जातात. म्हणजे हाती आले ०.०७ मिलिग्रॅमच्या आत. मांसातले लोह मात्र बऱ्याच अंशी हीमच्या रूपात, म्हणजे जसे प्राण्याच्या रक्तात असते तसेच, असते. ते फायटेटच्या तावडीत सापडत नाही. बोकडाच्या शंभर ग्रॅम मांसात अडीच मिलिग्रॅम लोह धरले आणि त्यातला पाचवा हिस्सा शोषला गेला, तर ३० ग्रॅम मांसातून ०.१५ मिलिग्रॅम मिळते. नाचणीच्या दुपटीहून जास्त!

शिवाय मांसाचा आणखी एक गुण आहे. घासात थोडे मांस असेल तर त्याच घासातल्या भाताचे, नाचणीचे, डाळीचे लोहही अधिक शोषले जाते. हे काम लिंबूही करते, कारण लिंबातील क जीवनसत्त्व लोहाला विरघळत ठेवते. याच्या अगदी उलट काम चहा करतो. खेड्यांत आणि शहरांतही दीड-दोन वर्षांच्या मुलांना चहात बिस्कीट बुडवून देण्याची पद्धत मी पुष्कळ घरांत पाहिली आहे. चहातील टॅनिन लोहाला आतड्यातच धरून ठेवते. पोर गप्प बसते हे खरे, पण जेवणातले लोह वाया जाते.

तरीही एक गोष्ट तुमच्या ध्यानात आली असेल. सगळे ०.६ मिलिग्रॅम लोह मांसातूनच द्यायचे म्हटले, तर रोज १२० ग्रॅम मांस लागेल! आठ किलोच्या बाळाला रोज अर्धा पाव मटण! ते त्याच्या पोटात मावणार नाही आणि आईबापांच्या खिशालाही परवडणार नाही. मग तूट भरून काढायची कशी? आपल्या देशात ६ महिने ते ५ वर्षे वयाच्या मुलांना आशाताई लोहाचे औषध देतात. २०१८ साली सुरू झालेल्या 'अॅनिमिया मुक्त भारत' कार्यक्रमात आठवड्यातून दोनदा १ मिलिलिटर पातळ औषध ठरवलेले आहे. त्यात २० मिलिग्रॅम लोह असते. आठवड्याला ४० म्हणजे रोजचे सरासरी पावणेसहा मिलिग्रॅम, आणि त्यातला दहावा हिस्सा शोषला गेला तर किती? ०.५७. आपली तूट होती ०.६! हा हिशेब ढोबळ आहे, पण त्या छोट्याशा बाटलीचे मोल कळायला पुरेसा आहे. ती बाटली पुष्कळ घरांत फळीवर तशीच पडून असते, कारण औषधाने शी काळी होते म्हणून आया घाबरतात. काळी शी म्हणजे न शोषलेले लोह. त्यात भिण्यासारखे काही नाही. मात्र बाळ आजारी किंवा फार अशक्त असेल, तर औषध आरोग्यसेविकेला विचारूनच द्यावे.

ही बाब किरकोळ नाही. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील ६ महिने ते ५ वर्षे वयाच्या मुलांपैकी ६८.९ टक्के मुलांचे हीमोग्लोबिन कमी भरले. म्हणजे दर दहा मुलांत जवळजवळ सात.

आता दुसरा पदार्थ. त्याचे नाव जीवनसत्त्व बी-१२. बाळाला तो दिवसाला एका मायक्रोग्रॅमच्या आसपास लागतो. मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग. एका ग्रॅमच्या चिमूटभर बी-१२ मध्ये एका बाळाची अडीच हजार वर्षांची सोय होईल! पण हे जीवनसत्त्व ना भाजीत आहे, ना डाळीत, ना धान्यात. कोणतीही वनस्पती ते बनवत नाही. प्राणीही बनवत नाहीत. ते बनवतात फक्त जीवाणू. तिकोण्याच्या उतारावर चरणारी शेळी पाला खाते, तो तिच्या पोटाच्या पहिल्या कप्प्यात आंबतो, तिथले जीवाणू मातीतून आलेल्या कोबाल्ट धातूचा अणू मध्ये बसवून बी-१२ तयार करतात. मग ते शेळीच्या मांसात, यकृतात आणि दुधात उतरते. कोंबडीच्या अंड्यात आणि माशांतही असते. आपल्याला ते मिळते ते असे दुसऱ्याच्या हातून.

याचा शोध लागला तो काळजामुळे, म्हणजे यकृतामुळे. १९२६ साली अमेरिकेत मायनॉट आणि मर्फी या डॉक्टरांनी एका जीवघेण्या रक्तक्षयाच्या रोग्यांना रोज यकृत खाऊ घालून बरे केले. यकृतातला तो गुणकारी पदार्थ वेगळा काढायला १९४८ साल उजाडले. त्याच्या रेणूची रचना एवढी गुंतागुंतीची की ती उलगडण्यासाठी डोरोथी हॉजकिन या विदुषीला क्ष-किरणांच्या साह्याने वर्षानुवर्षे काम करावे लागले. १९५६ मध्ये ती रचना पुरी झाली आणि १९६४ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

या गोष्टीत आपली मुंबईही आहे. १९२८ साली ल्यूसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टर मुंबईला आल्या. कापड गिरण्यांत काम करणाऱ्या गरीब बायकांना बाळंतपणाच्या वेळी फार रक्तक्षय होई, त्याचे कारण त्यांना शोधायचे होते. त्यांनी नाना उपाय केले. शेवटी यीस्टच्या अर्काने, म्हणजे पावाला लावून खायच्या मार्माइट नावाच्या स्वस्त पदार्थाने, त्या बायका बऱ्या झाल्या! त्या अर्कातला पदार्थ म्हणजे फोलिक आम्ल, हे पुढे कळले. फोलिक आम्ल आणि बी-१२ ही जोडगोळी आहे. रक्तातल्या नव्या पेशी बनवताना दोघांचे काम एकमेकांवर अवलंबून असते. पण फोलिक आम्ल हिरव्या भाज्यांत भरपूर असते, बी-१२ नसते. हा फरक लक्षात ठेवा, तो पुढे लागणार आहे.

बाळाला बी-१२ कमी पडले तर काय होते? आपल्या मज्जातंतूंवर मायलिन नावाचे वेष्टन असते. विजेच्या तारेवर रबराचे आवरण असते ना, तसेच. ते असेल तरच संदेश झटपट धावतो. जन्मानंतरच्या दोन वर्षांत हे वेष्टन भराभर चढत असते आणि त्या कामाला बी-१२ लागते. १९६२ साली वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजातील जाधव, वेब, वैष्णव आणि बेकर या डॉक्टरांनी 'लॅन्सेट' या प्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात काही भारतीय बाळांची हकिकत छापली. ही बाळे आईच्या दुधावरच होती, अंगाने बाळसेदार दिसत. पण हसत नव्हती, खेळत नव्हती, आधी येत असलेले बसणे-धरणे विसरत चालली होती. त्यांच्या आयांच्या दुधात बी-१२ फार कमी होते. बी-१२ दिल्यावर मुले सुधारली. दुधात दोष नव्हता. आईजवळच जे नाही, ते दुधात येणार कुठून?

आणि आता पुणे जिल्हा. १९९३ साली पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्याजवळच्या सहा खेड्यांत एक मोठा अभ्यास हाती घेतला. नव्याने दिवस गेलेल्या स्त्रिया काय खातात, किती काम करतात, त्यांच्या रक्तात काय आहे आणि त्यांची बाळे केवढी होतात, हे सगळे टिपून ठेवायचे. एक-दोन नव्हे, जवळजवळ ८०० गरोदर स्त्रियांची अशी नोंद झाली. या कामात आघारकर संशोधन संस्थेच्या डॉ. शोभा राव होत्या. २००१ साली त्यांनी दाखवून दिले की नुसते भाकरीचे प्रमाण जास्त म्हणून बाळ मोठे होत नाही. हिरव्या पालेभाज्या, फळे आणि दूध अधिक वेळा घेणाऱ्या मातांची बाळे जास्त भरलेली होती.

पुढे रक्ताचे नमुने तपासले, तेव्हा सगळे चकित झाले. तीनपैकी दोन मातांच्या रक्तात बी-१२ कमी! आणि फोलिक आम्ल? ते कमी असलेली माता सबंध अभ्यासात एकच सापडली. हिरवी भाजी पोटात जात होती. दूध, अंडी, मांस मात्र नावापुरतेच. यांतल्या साऱ्या घरी शाकाहार पाळला जात होता असे समजू नका. मांसाहारी म्हणवणाऱ्या घरांतही मटण पंधरवड्या-महिन्यातून एकदा शिजते, आणि वाढताना बाईच्या ताटात बहुधा रस्साच उरतो. 'आम्ही सगळे खातो' असे म्हणणे वेगळे आणि पोटात जाणे वेगळे.

ती मुले मोठी होत गेली तसे शास्त्रज्ञही त्यांच्या मागोमाग गेले. नऊ वर्षांची झाल्यावर त्यांच्या काही कसोट्या घेतल्या. आकडे उलट क्रमाने म्हणणे, रंगांच्या ठिपक्यांवरून लक्ष न ढळू देता रेघ ओढत जाणे, असे खेळच म्हणा ना! गरोदरपणी ज्यांच्या आयांच्या रक्तात बी-१२ अगदी कमी होते, ती मुले या दोन कसोट्यांत मागे पडली. बुद्धिमत्तेच्या दुसऱ्या कसोटीत मात्र दोन्ही गटांत फरक आढळला नाही. हे मुद्दाम सांगतो, कारण शास्त्रात जे सापडले तेवढेच सांगायचे असते.

एवढे वाचल्यावर तुम्ही म्हणाल, मग आता बाळाला भरपूर मटणच द्यावे! असा प्रयोगही होऊन गेला आहे. काँगो, झांबिया, ग्वाटेमाला आणि पाकिस्तान या देशांतील हजाराहून अधिक बालकांना सहाव्या महिन्यापासून दीड वर्षांची होईपर्यंत दोनपैकी एक आहार दिला. काहींना रोज ३० ते ४५ ग्रॅम मांसाइतकी वाळवलेल्या मांसाची पूड, काहींना लोह व इतर सूक्ष्म पोषकद्रव्ये मिसळलेले तांदूळ-सोयाबीनचे पीठ. २०१२ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. उंचीच्या वाढीत दोन्ही गटांत काहीच फरक नव्हता, आणि लोहाची कमतरता तर पिठाच्या गटातच कमी निघाली! अंड्यांचेही असेच. एक्वाडोर देशात सहा ते नऊ महिन्यांच्या बाळांना रोज एक अंडे देऊन पाहिले, तेव्हा त्यांची उंची चांगली वाढली. आफ्रिकेतील मलावीत तसेच केले तर उंचीत फरक पडला नाही. तिथली मुले आधीपासूनच मासे खात होती, हे त्याचे एक कारण असावे. ज्याच्या ताटात काही नाही, त्याला अंड्याचा उपयोग होतो. ज्याच्या ताटात आधीच आहे, त्याला वाढीव घालून फारसे काही मिळत नाही.

तर सूनबाईंच्या प्रश्नाचे उत्तर असे. मांस म्हणून बाळाला ठरावीक किलो-ग्रॅम लागत नाहीत. मांसातून जे येते ते लागते, आणि ते थोडे पण वरचेवर लागते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली दिलेल्या मार्गदर्शनात सहा महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंतच्या मुलांना मांस, मासे किंवा अंडी यांपैकी काही ना काही रोज मिळावे असे म्हटले आहे. 'किंवा' हा शब्द पाहिलात ना? ज्या घरी हे खातात, तिथे दोन-तीन चमचे शिजवून वाटलेला खिमा पुरे. बोंबील-मांदेली असेल तर काटे पुन्हापुन्हा चाचपून काढलेले. पावसाच्या आरंभी मावळात ओढ्यांना चढणीचे मासे मिळतात, तेही चालतील. पण बारीक काट्यांचे मासे बाळाला नकोत. अर्धे अंडे दिले तर बी-१२ पाव मायक्रोग्रॅम मिळते, २० ग्रॅम मटणातूनही तेवढेच. अंडे मात्र पक्के उकडलेले हवे. आणि तुकडा, मग तो मांसाचा असो की आणखी कशाचा, तसाच हातात देऊ नये, घशात अडकतो.

काळजाची, म्हणजे कलेजीची, गोष्ट निराळी. शंभर ग्रॅममध्ये ६० मायक्रोग्रॅमहून जास्त बी-१२! पाच ग्रॅमचा, बोराएवढा तुकडा वाटून दिला तर तीन दिवसांची सोय. पण त्यात अ जीवनसत्त्वही इतके असते की जास्त झाले तर बाधते. म्हणून बोराएवढाच, आणि आठवड्यातून एकदाच.

आणि ज्या घरात गळ्यात तुळशीची माळ आहे त्यांनी काय करायचे? मावळात आणि देहूच्या आसपास अशी वारकरी घरे कितीतरी आहेत. त्यांच्यासाठी दूध आहे. गाईच्या किंवा म्हशीच्या १०० मिलिलिटर दुधात सुमारे ०.४ मायक्रोग्रॅम बी-१२ असते. दीड वर्षाच्या मुलाला दोन लहान कप दूध किंवा तेवढे दही मिळाले की बी-१२ चे बव्हंशी भागले. दूध पुन्हापुन्हा आटवीत बसू नये, उष्णतेने ते जीवनसत्त्व काही प्रमाणात नष्ट होते. मात्र दुधात लोह जवळजवळ नाही. दिवसाला अर्ध्या लिटरहून अधिक दूध पिऊन पोट भरणारे मूल वरण-भाकरी खात नाही आणि गोरेपान पण फिकट दिसू लागते. माळकरी घरात लोहासाठी शेवग्याचा पाला, डाळी, वर लिंबू पिळणे आणि आशाताईंची बाटली, एवढे सांभाळावे लागते. आईचे दूधही दोन वर्षांपर्यंत आणि पुढेही चालू राहावे, पण त्या आईच्या अंगात बी-१२ असले पाहिजे. नसेल तर डॉक्टर स्वस्तातली गोळी देतात, तीही जीवाणूंकडूनच बनवून घेतलेली.

इथे तुमचा संबंध येतो. २०१६ ते २०१८ या काळात सबंध देशात मुलांच्या पोषणाची पाहणी झाली. १ ते ४ वर्षांच्या मुलांपैकी १४ टक्क्यांत बी-१२ कमी निघाले. १० ते १९ वर्षांच्या, म्हणजे तुमच्या वयाच्या मुलामुलींत किती? ३१ टक्के! लहानपणची उणीव शाळेच्या वयात भरून निघत नाही, उलट वाढते.

पुण्याच्या शास्त्रज्ञांनी नेमके हेच वय धरले. त्या सहा खेड्यांतली, आईच्या पोटात असल्यापासून ज्यांची नोंद आहे ती मुले, सतरा वर्षांच्या आसपास पोहोचली तेव्हा, २०१२ साली, त्यांना रोज २ मायक्रोग्रॅम बी-१२ देण्याचा प्रयोग सुरू झाला. काहींना बी-१२ खेरीज इतर पोषकद्रव्येही दिली, आणि तुलनेसाठी काहींना तसेच दिसणारे पण बी-१२ नसलेले औषध. मग त्यांची लग्ने झाली आणि त्यांनाही बाळे झाली. बी-१२ घेतलेल्या मातांच्या बाळांच्या नाळेतील रक्तात ते जास्त आढळले. नुसते बी-१२ घेतलेल्यांची मुले दोन-तीन वर्षांची झाल्यावर समज आणि भाषा यांच्या कसोट्यांत थोडी पुढे दिसली. मुलांची संख्या फार मोठी नाही, म्हणून मोठे विधान करायला नको. पण बाळाच्या वाटीची तयारी शाळेच्या डब्यापासून सुरू होते, असा या प्रयोगामागचा विचार आहे.

अळणीचे राहिलेच. मांस पाण्यात शिजते तेव्हा चव, मीठ, थोडी चरबी आणि पाण्यात विरघळणारे थोडे बी-१२ पाण्यात उतरते. लोह आणि प्रथिने बहुतेक सगळी तुकड्यांतच राहतात. बाळाची इवलीशी वाटी पाण्याने भरली की त्याला अन्नासाठी जागा उरत नाही. त्यातून त्या पाण्यात मीठ असते, जे वर्षाच्या आतल्या बाळाला घालायची गरज नसते. दाताचा मुद्दा आजींनी बरोबर काढला होता. पण दात नसले तरी पाटा-वरवंटा असतो.

दिवाळीनंतरच्या एका रविवारी पुन्हा तिकोण्यावर गेलो. आकाश निरभ्र होते, तुंगचा सुळका अगदी जवळ आल्यासारखा वाटत होता. उतरताना पेठेत तेच घर. बाळ आता वर्षाचे झाले होते आणि भिंतीला धरून उभे राहत होते. आजी पाट्यावर शिजलेले मटण रगडत होत्या. मग ते मऊ भातात कालवून, वर लिंबाचे दोन थेंब टाकून त्यांनी नातवाला भरवायला घेतले. पहिला घास त्याने थुंकला, दुसरा मटकावला. शेजारी अळणीची वाटी होतीच.

"आजी, ती कोणाला?" मी विचारले.

"ती माजी," त्या म्हणाल्या आणि तोंडाचे बोळके दाखवून हसल्या. "मला तरी कुठं दात हायेत?"